स्पोर्ट्स कारला बाहेरून घेतलेलं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन: टिकेल असं बसवायचं कसं

इलेक्ट्रॉनिक डॅम्परचं (स्प्रिंगचे झोके आवरणाऱ्या, विजेवर कडक-मऊ होणाऱ्या शॉक ॲब्झॉर्बरचं) किट टिकत नाही अशी तक्रार झाली की खापर सरळ डॅम्परवर फुटतं. उघडून पाहावं तर डॅम्पर बहुधा ठणठणीत असतो. बिघाड सापडतो तो चाकाच्या कमानीत घासलेल्या वायरीत, अर्धवट बसलेल्या कनेक्टरात, गाडीची उंची बदलल्यावर नव्याने न शिकवलेल्या सेन्सरात, नाहीतर चाक लटकत असतानाच आवळून टाकलेल्या बुशात (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी गुल्लीत). हे सगळं बसवणाऱ्याच्या हातातलं आहे आणि बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकल्याने होतं. काम गॅरेजकडून करून घेणार असाल तरी मधल्या तपासण्या वाचून ठेवा. गाडी ताब्यात घेताना त्याच विचारायच्या आहेत.

लागणारं सामान: मल्टिमीटर, टॉर्क रेंच, फक्त इंजिन नव्हे तर एबीएस, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे मॉड्यूलही (त्या त्या प्रणालीचे छोटे संगणक) वाचणारा स्कॅनर, स्प्रिंग कॉम्प्रेसर, चार जॅक स्टँड, डॅम्परचा दांडा धरून वरचा नट फिरवता येईल असा आरपार भोकाचा सॉकेट, क्रिम्पिंगचा (वायरीवर टर्मिनल दाबून बसवायचा) पक्कड, आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीटश्रिंक नळी, कोडिंगच्या (मॉड्यूलमध्ये माहिती लिहिण्याच्या) वेळी बॅटरीला आधार देणारा चार्जर.

## टप्पा 1: गाडीत आधीपासून काय आहे ते ओळखा

कोणतं किट घ्यायचं हे यावरच ठरतं, आणि पहिली चूकही इथेच होते.

पहिली परिस्थिती: गाडीला कंपनीचंच इलेक्ट्रॉनिक डॅम्पिंग आहे आणि नवे डॅम्पर त्याच कनेक्टरला लागणार आहेत. बिल्स्टीनचं डॅम्पट्रॉनिक किंवा केडब्ल्यूचं डीडीसी प्लग अँड प्ले या जातीचं. इथे कंट्रोलर, सेन्सर, वायरिंग सगळं मूळचंच राहतं, त्यामुळे बिघडण्याच्या जागा सर्वांत कमी. पर्याय असेल तर हाच घ्यावा.

दुसरी: गाडीत साधे डॅम्पर आहेत आणि किट आपला कंट्रोलर, सेन्सर आणि वायरिंग घेऊन येतं. टाइनच्या ईडीएफसीसारखी, डॅम्परच्या ॲडजस्टरवर छोटी स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) बसवणारी किटंही यातच धरा. सोलेनॉइड व्हॉल्व्हचं (विजेच्या कॉइलने हलणाऱ्या व्हॉल्व्हचं) किट मिलिसेकंदांत प्रतिसाद देतं. मोटर ॲडजस्टरमधली सुई फिरवते, म्हणून ती तुलनेने संथ असते, पण डॅम्परच्या आत विजेचं काहीच नसल्याने मोटर गेली तरी डॅम्पर जिवंत राहतो आणि मोटर तेवढी बदलता येते.

तिसरी: मूळचं इलेक्ट्रॉनिक डॅम्पिंग काढून साधे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेले, आट्यांवर उंची बदलता येणारे) बसवायचे आणि गाडीच्या कंट्रोलरला डॅम्पर जागेवर आहेत असं भासवणारं मॉड्यूल लावायचं. यात साधा रेझिस्टर लावून भागवण्याचा मोह आवरा. 4 ओहमच्या रेझिस्टरमधून 1.5 ॲम्पिअर गेला की 9 वॉट उष्णता होते. पाव वॉटचा रेझिस्टर क्षणात जळतो आणि प्लॅस्टिकला चिकटवलेला मोठा रेझिस्टर ते प्लॅस्टिक वितळवतो. शिवाय काही कंट्रोलर विद्युतप्रवाह कसा चढतो-उतरतो तेही पाहतात. रेझिस्टरला कॉइलसारखं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) नसल्यामुळे ते कंट्रोलर फसत नाहीत आणि डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा लागतोच. त्या गाडीसाठीच बनवलेलं मॉड्यूल घ्या आणि ते उघड्या धातूवर, हवा लागेल तिथे बसवा.

मॅग्नेराइडसारख्या चुंबकीय द्रवाच्या डॅम्परची गाडी असेल तर आणखी एक पथ्य. त्या डॅम्परमध्ये व्हॉल्व्ह नसतो. पिस्टनमधली कॉइल लोहकण मिसळलेल्या तेलाचा दाटपणा बदलते. सोलेनॉइड व्हॉल्व्हचा डॅम्पर त्या कंट्रोलरला नुसता कनेक्टर जुळतो म्हणून लावायचा नाही. किटच्या कागदावर त्या प्रणालीचं नाव लिहिलेलं असेल तरच पुढे जा.

तपासणी: एकही बोल्ट सैल करण्याआधी सगळ्या मॉड्यूलमधले फॉल्ट कोड वाचून जतन करा. नंतर निघालेला कोड जुना की नवा हे ठरवायला दुसरा मार्ग नाही. त्याच वेळी चारही चाकांच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये टिपा. टायरची हवा, टाकीतलं इंधन आणि डिकीतलं सामान किती होतं तेही लिहा, म्हणजे नंतरची तुलना खरी होईल. उंचीचे सेन्सर असतील तर स्कॅनरवर त्यांचे आकडेही टिपा.

## टप्पा 2: स्प्रिंग आणि डॅम्पर एकमेकांना झेपतात का

कंट्रोलरमधला नकाशा (कधी किती डॅम्पिंग द्यायचं याचा तक्ता) ठरावीक स्प्रिंग आणि ठरावीक वजन धरून लिहिलेला असतो. मूळ इलेक्ट्रॉनिक डॅम्पर तसेच ठेवून फक्त कडक, आखूड स्प्रिंग टाकल्या तर काय होतं ते आकड्यांत बघा. वजन तेच असेल तर लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतं. स्प्रिंग 40 टक्के कडक केली की डॅम्पिंग सुमारे 18 टक्के जास्त हवं. एवढी वाढ बहुतेक इलेक्ट्रॉनिक डॅम्परांच्या पल्ल्यात बसते, पण कंट्रोलर ती आपणहून देईलच असं नाही. तो कमी पडला की मऊ मोडमध्ये गाडी लाटेवर एकाऐवजी दोन-तीन झोके घेते आणि लोक म्हणतात, डॅम्पर गेला. डॅम्पर गेलेला नसतो, त्याला पुरेसं कडक व्हायचा हुकूमच मिळत नाहीये.

उंचीचंही तसंच. 20 ते 30 मिलिमीटर खाली घेतल्यावरही डॅम्परला दाबला जाण्यासाठी पुरेसा प्रवास उरतो का, हे किटच्या कागदावरून काढा. उरत नसेल तर गाडी सतत बंप स्टॉपवर (प्रवासाच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर) टेकते, आणि तिथे इलेक्ट्रॉनिक्स काहीच करू शकत नाही. सील आणि टॉप माउंट (डॅम्परचं वरचं टोक बॉडीला धरणारा भाग) अशा गाड्यांत लवकर जातात. किटवर दिलेली सर्वांत खालची उंची ही शोभेची नाही, ती मर्यादा आहे. तिच्या वर 10 मिलिमीटर राहा.

नाक उचलणारी हायड्रॉलिक लिफ्टही हवी असेल तर ती याच वेळी बसवू नका. दोन नव्या प्रणाली एकदम आल्या की दिवा कुणामुळे लागला ते शोधता शोधता नाकी नऊ येतात. आधी डॅम्पिंग मार्गी लावा, हजार किलोमीटर जाऊ द्या.

किट घेण्यापूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: वीज गेली तर डॅम्पर कडक होतो, मऊ होतो की मधल्या स्थितीत राहतो? व्हॉल्व्हच्या रचनेनुसार तिन्ही शक्य आहेत. वळणावर वेगात असताना मऊ होणारी रचना स्पोर्ट्स कारला नको. उत्तर देता न येणाऱ्याकडून किट घेऊ नये.

## टप्पा 3: खोका उघडल्यावर टेबलावरची तपासणी

अर्ध्या तासाचं काम, आणि नेमकं हेच टाळलं जातं. चाकं काढल्यावर कॉइल मेलेली निघाली तर गाडी स्टँडवर अडकते.

चारही डॅम्पर एकाच खोलीत काही तास ठेवा, म्हणजे तापमान सारखं होईल. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. उन्हात ठेवलेला डॅम्पर आणि सावलीतला डॅम्पर यांचे आकडे उगाच वेगळे दिसतील. मग मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून त्याचा स्वतःचा रोध टिपा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. सोलेनॉइडचा रोध जेमतेम काही ओहम असतो, तिथे पिनांचा 0.3 ओहमही फसवतो. पुढच्या दोन डॅम्परांचे आकडे एकमेकांशी आणि मागच्या दोघांचे एकमेकांशी जुळायला हवेत. फरक 10 टक्क्यांच्या वर गेला तर डॅम्पर परत पाठवा.

यानंतर कॉइलची एक पिन आणि डॅम्परचं धातूचं अंग यांत रोध मोजा. मीटरने काहीच दाखवता कामा नये. कितीही मोठा आकडा आला तरी इन्सुलेशन कुठेतरी दुखावलंय. शेवटी मीटर लावलेला ठेवून वायर जिथून दांड्यात किंवा डॅम्परच्या अंगात शिरते तिथे ती हलकेच चारी बाजूंना वाकवा. आकडा उडाला तर आत तार तुटत आली आहे.

सावधान: व्हॉल्व्ह चालतो का हे पाहायला कॉइल सरळ बॅटरीला लावू नका. 3 ओहमच्या कॉइलला 12 व्होल्ट दिले की 4 ॲम्पिअर जातात, म्हणजे 48 वॉट. कंट्रोलर तिला साधारण दीड-दोन ॲम्पिअरच्या आत ठेवतो. टक् असा आवाज ऐकायच्या हौसेपायी नवी कॉइल भाजते आणि वॉरंटीही जाते.

कनेक्टरच्या आत डोकावून पिना सरळ आहेत का, रबरी सील जागेवर आहे का ते बघा. स्टेपर मोटरच्या किटमध्ये सगळ्या मोटरी टेबलावरच कंट्रोलरला जोडून दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा. सुई हाताने फिरवताना कुठे अडखळत असेल तर मोटर तिथेच पावलं चुकवणार. अशा बहुतेक मोटरींना सुई नक्की कुठे आहे हे कळत नाही. त्या टोकाला टेकून शून्य धरतात आणि पुढे पावलं मोजत जातात. मधली दोन पावलं चुकली तर पडद्यावर 8 दिसतं आणि प्रत्यक्षात सुई 6 वर असते, तेही एकाच चाकाला.

## टप्पा 4: वायरचा मार्ग आधी, पाना नंतर

गाडी स्टँडवर घेऊन चाकं काढा, पण जुनं सस्पेन्शन अजून सोडवू नका. मूळची एबीएसची वायर कुठून जाते ते नीट पाहा. तिचा मार्ग कारखान्याने विचार करून आखलेला असतो. नवी वायर शक्यतो तिच्या शेजारून न्या. ब्रेकच्या होजला मात्र टाय बांधायचा नाही. होज वळते, टायची कड तिला कापते.

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (जिथे डॅम्पर पुढच्या चाकाच्या हबलाच पक्का जोडलेला असतो) स्टिअरिंगबरोबर डॅम्परचं अंग फिरतं. व्हॉल्व्ह बाहेरून अंगावर बसवलेला असेल तर त्याची वायर प्रत्येक वळणाला पिळली जाते, म्हणून तिथे सैल वळसा लागतो. वायर वरून, पोकळ दांड्यातून निघत असेल तर पीळ पडत नाही, पण टॉप माउंटवर बॉनेट किंवा त्याच्या आतली पट्टी ती चेंगरू शकते. मोटरच्या किटमध्ये तर हमखास: मोटरवर मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करा, उघडा, गोळ्याची जाडी मोजा. 10 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मोटरची जागा बदलावी लागेल, कारण इंजिन हलतं आणि बॉनेटही वेगात थरथरतं.

तपासणी: वायर टेपने तात्पुरती लावून तीन स्थिती बघा. चाक पूर्ण खाली लटकलेलं, जॅकने पूर्ण वर उचललेलं, आणि दोन्ही वेळा स्टिअरिंग डावीकडे व उजवीकडे टोकापर्यंत. कुठेही वायर ताणली, टायरच्या किंवा स्प्रिंगच्या वाटेत आली तर मार्ग चुकला.

## टप्पा 5: उतरवणं आणि बसवणं

बॅटरीचा ऋण टोक काढण्याआधी गाडी बंद करून, किल्ली दूर ठेवून 20 मिनिटं थांबा. मॉड्यूल झोपायला तेवढा वेळ घेतात. एअर सस्पेन्शन किंवा आपोआप उंची सांभाळणारी गाडी असेल तर टप्पा 4 मध्ये उचलण्याआधीच तिचा जॅक मोड चालू केलेला हवा. इथून पुढे वायरिंग पूर्ण होईपर्यंत इग्निशन चालू करायचं नाही. डॅम्पर सुटलेला असताना इग्निशन दिलं की नसते कोड जमा होतात.

अँटीरोल बारच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक दोन्ही बाजूंच्या सोडा, एकाच बाजूची सोडली तर बार ताणात राहतो. ब्रेकचा कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने बांधा. उंचीच्या सेन्सरची लिंक हब (चाक बसतं तो भाग) खाली सोडण्याआधी काढा. सेन्सरचा हात मर्यादेच्या पलीकडे गेला की प्लॅस्टिकची बॉल सॉकेट तुटते, आणि तेवढाच तुकडा बहुतेक वेळा सुटा मिळत नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. टॉप माउंटचा नट इम्पॅक्ट पान्याने फिरवणं. साध्या डॅम्परमध्ये यामुळे दांडा गरगर फिरून सील खराब होतं. वायर वरून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डॅम्परमध्ये दांडा पोकळ असून त्यातून वायर गेलेली असते. दांडा फिरला आणि वरचा कनेक्टर धरून ठेवलेला असला की वायर आतल्या आत पिळून तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी खाली घेतल्यावर दिवा लागतो आणि डॅम्पर फॅक्टरीतूनच खराब आला असं वाटतं. म्हणून दांडा षटकोनी कीने किंवा दिलेल्या चपट्या कडेने धरा, नट हाताने फिरवा आणि शेवटी टॉर्क रेंचने द्या. टॉर्कचा आकडा किटच्या कागदावरचा घ्या. मूळ गाडीचा चालणार नाही, कारण दांड्याचा आटा बहुधा वेगळा असतो.

नायलॉनची कडी असलेले नट आणि ताणून बसवायचे बोल्ट एकदाच वापरायचे. नवे घ्या. कॉइलओव्हरच्या आट्यांना गंजरोधक पेस्ट लावायला हरकत नाही, पण टॉर्क देऊन आवळायच्या बोल्टला कागदावर सांगितलेलं नसेल तर लावू नका. घर्षण कमी झालं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

खालच्या आर्मचे, डॅम्परच्या खालच्या टोकाचे आणि बुश असलेले सगळे बोल्ट आत्ता फक्त हाताने लावून ठेवा. आवळायचे नाहीत. का ते टप्पा 7 मध्ये येतं.

तपासणी: नट बसवून झाल्यावर कॉइलचा रोध परत मोजा. टेबलावरचा आकडाच यायला हवा. आत्ता वेगळा निघाला तर डॅम्पर काढायला दहा मिनिटं लागतात, उद्या अर्धा दिवस.

## टप्पा 6: वीज

मूळ कनेक्टर वापरणाऱ्या किटला इथे फारसं काही नाही: कनेक्टर टक् होईपर्यंत दाबा, लॉक लावा, मग मागे ओढून बघा. नुसता आवाज पुरत नाही. बिना लॉकचा कनेक्टर महिनाभर चालतो आणि पहिल्या मोठ्या पावसात फॉल्ट देतो.

स्वतःचा कंट्रोलर असलेल्या किटला मात्र वेळ द्या. चार कॉइल प्रत्येकी 1.5 ॲम्पिअर म्हणजे 6 ॲम्पिअर, वर कंट्रोलरचा थोडा खर्च. त्यासाठी 10 ॲम्पिअरचा स्वतंत्र फ्यूज, तोही स्रोताच्या जवळ. वायर 1.5 चौरस मिलिमीटरची. इग्निशनबरोबर चालू होणारी लाइन निवडा, पण एअरबॅग, एबीएस किंवा इंधन पंपाच्या फ्यूजवर हात मारू नका. किट स्वतः फ्यूजचा आकडा सांगत असेल तर तोच धरा.

अर्थिंगमध्ये आळस नडतो. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, आधीपासून असलेल्या अर्थच्या बोल्टवर, गोल टर्मिनल क्रिम्प करून लावा आणि वरून मेण किंवा ग्रीस फासा. स्क्रूने पत्र्यात छिद्र पाडून केलेलं अर्थिंग वर्षभरात गंजतं. मग कंट्रोलर कधी चालतो कधी नाही, आणि दोषाचा माग लागता लागत नाही.

जोड क्रिम्प करा, डाग देऊ नका. डाग दिलेल्या वायरीत कथील धाग्यांत चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर कडक राहते. चाकाजवळच्या थरथरीने ती नेमकी तिथेच मोडते. क्रिम्पवर गोंदाची हीटश्रिंक, त्यावर पन्हाळीदार नळी, दर 15-20 सेंटिमीटरला क्लिप. चाकाच्या कमानीत एकही जोड नको; जोड केबिनमध्ये किंवा बॉनेटखाली कोरड्या जागी न्या. कनेक्टरमध्ये शिरणाऱ्या वायरीला किंचित खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून थेंब तिथे गळेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. सिलिकॉन ग्रीस रबरी सीलला लावायचं, पिनांवर थापायचं नाही.

बॉडीवर बसणाऱ्या ॲक्सलेरोमीटरवर (बॉडीची वर-खाली हालचाल मोजणाऱ्या सेन्सरवर) बाण असतो. तो सांगितलेल्या दिशेलाच हवा. उलटा बसला तर गाडी वर उसळताना कंट्रोलरला ती खाली जातेय असं वाटतं आणि तो नेमक्या चुकीच्या क्षणी डॅम्पर ढिला सोडतो. या चुकीचा फॉल्ट कोड बहुतेक वेळा उमटत नाही. गाडी फक्त विचित्र चालते. सेन्सर दुहेरी टेपवर चिकटवू नका, पत्र्याला स्क्रूने बसवा.

तपासणी: बॅटरी जोडा, इंजिन चालू करा, सगळ्यात कडक मोड लावा आणि कंट्रोलरच्या अर्थ वायरपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत व्होल्ट मोजा. 0.1 व्होल्टच्या आत हवं. मग गाडी बंद करून कुलूप लावा आणि 40 मिनिटांनी बॅटरीतून जाणारा करंट बघा. 50 मिलिॲम्पिअरच्या वर असेल तर कंट्रोलर झोपत नाहीये. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी मग सुरू न होण्याची भीती असते.

## टप्पा 7: उंची, मग आवळणं

गाडी चाकांवर घ्या. लगेच उंची मोजू नका. उतरताना टायर बाजूला घासून अडकलेले असतात आणि गाडी खोटी उंच दिसते. 10-15 मीटर पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा, मग मोजा. पुढच्या डाव्या-उजव्या बाजूत 5 मिलिमीटरच्या आत फरक चालेल. रेस ट्रॅकची गाडी असेल आणि काट्यांवर कोपऱ्यांचं वजन जुळवणार असाल तर चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका भार ठेवून, अँटीरोल बारच्या लिंक सोडूनच करा.

उंची ठरली की आता बुशचे बोल्ट आवळा, गाडी चाकांवर उभी असताना. खड्डा किंवा चार खांबांची लिफ्ट नसेल तर जॅकने खालचा आर्म उचलून चाकाच्या केंद्रापासून फेंडरपर्यंत ठरलेली उंची येईपर्यंत आणा आणि त्या स्थितीत टॉर्क द्या. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो. त्याने दोन गोष्टी होतात: बुश काही महिन्यांत फाटतो, आणि तोवर तो स्वतःच स्प्रिंगसारखा गाडी उचलून धरतो, म्हणून उंची हळूहळू बदलत जाते आणि उंचीचा सेन्सर शिकवलेल्या आकड्यापासून सरकतो. खटखट आणि दिवा एकदम आले की लोक डॅम्पर बदलतात. बुश तसाच राहतो.

## टप्पा 8: सेन्सर शिकवणं आणि कोडिंग

उंची आणि टॉर्क पूर्ण झाल्याशिवाय इथे यायचं नाही. आधी कॅलिब्रेशन आणि मग उंची बदलणं हा वेळेचा चुराडा आहे.

उंचीच्या सेन्सरच्या लिंक परत लावा. सेन्सरचा हात आणि लिंक यांच्यात उभ्या गाडीत साधारण काटकोन हवा. गाडी खाली घेतल्याने कोन फार पसरला तर मोठ्या खड्ड्यात हात उलट्या बाजूला पलटी खातो आणि त्या चाकाची उंची एका झटक्यात वेडीवाकडी दिसते. यासाठी लांबी बदलता येणारी लिंक मिळते, तिने काटकोन परत आणा.

चार्जर जोडून बॅटरी 13 ते 14 व्होल्टवर धरा. कोडिंगच्या मध्यात व्होल्टेज घसरलं तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेलं राहू शकतं आणि ते परत उठवणं डीलरच्या यंत्राशिवाय अवघड जातं. गाडी सपाट जमिनीवर, दारं बंद, आत कुणी नाही, टायरमध्ये ठरलेली हवा. मग स्कॅनरने शून्य उंची शिकवा. चारही आकडे टप्पा 1 मधल्या आकड्यांशी ताडून बघा. सगळे साधारण सारखेच सरकलेले हवेत. एकच वेगळा असेल तर लिंक उलटी लागली आहे किंवा सेन्सरचा ब्रॅकेट वाकलाय.

स्टेपर मोटरच्या किटमध्ये इथे मोटरींचं शून्य ठरवणं येतं. चारही चाकांचं करा, दोनचं करून सोडू नका.

## टप्पा 9: अलाइनमेंट, स्टिअरिंग, दिवे

उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं आत-बाहेर वळलेली असणं) बदलतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. राहून जातं ते पुढचं. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य नव्याने द्या, कारण अनेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक डॅम्पिंग त्याच सेन्सरवरून वळणाचा अंदाज घेतं. तो दोन-तीन अंश सरकलेला असेल तर सरळ रस्त्यावरही कंट्रोलरला वाटतं वळण चालू आहे, आणि एका बाजूचे डॅम्पर उगाच कडक राहतात. मग हेडलाइट. उंची आपोआप सांभाळणारे दिवे बहुधा त्याच उंचीच्या सेन्सरवर चालतात. त्यांचं शून्यही वेगळं द्यावं लागतं, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. गाडीत बदलांना मान्यता लागत असेल तर कागद आणि विमा कंपनीला कळवणं याच सुमारास उरका.

## टप्पा 10: पहिली फेरी आणि पहिले हजार किलोमीटर

पहिले काही किलोमीटर मऊ मोडमध्ये, संथ. मग रिकाम्या रस्त्यावर एकाच उंचवट्यावरून एकाच वेगाने प्रत्येक मोडमध्ये जा. मऊ आणि कडक यांत फरक जाणवलाच पाहिजे. जाणवत नसेल आणि कोडही नसेल तर कंट्रोलर डॅम्परशी बोलतच नाहीये, किंवा मॉड्यूलमध्ये गाडीचा चुकीचा प्रकार निवडलाय.

परत आल्यावर चारही डॅम्परना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. सगळे कोमट हवेत. एकच थंड असेल तर तो काम करत नाही, एकच खूप गरम असेल तर तो सतत कडक राहतोय. भाजणारा डॅम्पर ब्रेकच्या उष्णतेनेही तापलेला असू शकतो, म्हणून डिस्कच्या जवळची बाजू सोडून दुसरीकडे बघा.

300 ते 500 किलोमीटरनंतर स्प्रिंग थोडी बसते. उंची परत मोजा, फरक 5 मिलिमीटरच्या वर असेल तर टप्पा 7 पासून पुन्हा. याच वेळी सगळ्या बोल्टचा टॉर्क तपासा, वायरी जिथे जिथे क्लिपमधून जातात तिथे चकाकणारी घासण बघा. नळीवर चमक दिसली म्हणजे तिथे काहीतरी घासतंय, आणि आत्ता ते नळीच खातंय. पुढे वायर खाईल.

## दिवा लागलाच तर

क्रम असा ठेवा: आधी कोड, मग बॅटरीचं व्होल्टेज, मग कनेक्टर, मग वायर, आणि सगळ्यात शेवटी डॅम्पर.

थंडीत सकाळी दिवा लागून गाडी चालल्यावर जात असेल तर बॅटरी आणि अर्थिंग बघा. पावसानंतर किंवा धुतल्यावरच लागत असेल तर कनेक्टरचं सील. कॉइल उघडी असल्याचा कोड स्टिअरिंग टोकाला नेल्यावरच येत असेल तर वायर तिथे ताणली जातेय. मल्टिमीटर लावून कोणीतरी स्टिअरिंग फिरवावं, आकडा उडेल. एकाच चाकाचा कोड सतत असेल तर डाव्या-उजव्या डॅम्परचे कनेक्टर अदलाबदल करता येतात का बघा: कोड बाजू बदलतो तर दोष डॅम्परमध्ये, तिथेच राहतो तर वायरीत किंवा कंट्रोलरमध्ये. पैसे खर्च करण्याआधीची ही सगळ्यात मोलाची चाचणी आहे आणि ती फुकट होते.

तेलाचंही एक. दांड्यावर पातळ तेलकट धूळ दिसणं नेहमीचं आहे. पुसून शंभर किलोमीटर चालवा. पुन्हा नुसती धूळ असेल तर सोडून द्या. तेल अंगावरून खालपर्यंत ओघळलेलं असेल तर डॅम्पर गेला. चुंबकीय द्रवाच्या डॅम्परमधून गळणारं तेल काळसर, राखाडी असतं, त्यात लोहकण असतात. ते दांड्यावर घासत राहिलं की उरलेलं सीलही लवकर जातं, म्हणून तिथे थांबू नका.

## पुढची देखभाल

प्रेशर वॉशरचा फवारा कनेक्टरवर, दांड्याच्या सीलवर आणि मोटरींवर थेट मारू नका. फूटभर अंतरावरून आणि तिरका मारा. वर्षातून एकदा चारही कॉइलचे रोध मोजून टप्पा 3 मधल्या आकड्यांशेजारी लिहा. मोटरच्या किटमध्ये महिन्यातून एकदा सगळे मोड टोकापासून टोकापर्यंत फिरवा; एकाच जागी वर्षभर बसलेली सुई जाम होते. डॅम्पर बदलायची वेळ आली तर एका धुरीवरचे दोन्ही बदला. नवा आणि 60 हजार किलोमीटर चाललेला डॅम्पर एकाच करंटला सारखं बळ देत नाहीत, आणि कंट्रोलरला ते कळत नाही. फक्त एकच बदलावा लागला, उदाहरणार्थ नव्या किटमधली कॉइल वॉरंटीत गेली, तर नव्या डॅम्परच्या खोक्यावरचा भाग क्रमांक आणि त्याच्या शेवटचं, रचनेतला बदल दाखवणारं अक्षर जुन्याशी जुळतं का ते खोका फोडण्याआधी बघून घ्या.